माळ्यावरची नागराज-वेताळची पेटी उघडली आहे: साफसफाई, दुरुस्ती आणि वाचायचा क्रम

शिवाजी_पेठ_वाचक:

मंडळी, शाळा-कॉलेजच्या वयातली कॉमिक्स पत्र्याच्या पेटीत आहेत, ती आता पुन्हा सुरुवातीपासून वाचायची आहेत. निम्मी हिंदी राज कॉमिक्स आहेत, म्हणजे नागराज, सुपर कमांडो ध्रुव आणि डोगा. निम्मी त्याहून जुनी मराठी इंद्रजाल, त्यात वेताळ, मँड्रेक आणि थोडे बहादूर.

पानं तपकिरी पडलीत, कडा हात लावला की मोडतात. पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग उतरलेत. काही अंकांवर पांढरट बुरशी आहे. कसरीनं कव्हरांचा वरचा थर खाल्लाय. काही अंक एकमेकांना चिकटलेत, काहींवर जुनी सेलोटेप आहे. वास तर पेटीचं झाकण उघडल्या उघडल्या येतो.

वाचायच्या आधी नेमकं काय करायचं? सगळ्यांची एकत्र बाइंडिंग करून घ्यावी का? आणि दोन्ही मालिका कुठल्या क्रमानं वाचाव्यात, म्हणजे आता मोठेपणी त्यात काय बघायचं?

खळ_आणि_दोरा:

बाइंडिंग अजिबात नको. बाइंडर मशीनवर तिन्ही कडा छाटतो, त्यात कडेची चित्रं जातात. शिवाय आडवी टोचून शिवण घातली की आतल्या बाजूचे संवादांचे फुगे शिवणीत गडप होतात. लॅमिनेशनही नको. उष्णतेनं चिकटवलेला थर पुन्हा निघत नाही आणि आतला कागद आत आंबतच राहतो.

आता क्रमानं. बुरशीचे अंक आधी वेगळे काढ आणि बाकीच्या पुस्तकांपासून लांब ठेव. ओलसर लागत असतील तर ब्रश लावायचा नाही, डाग पानभर पसरतो. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, पंखा थेट अंकावर न रोखता, पूर्ण कोरडे होऊ दे. उन्हात वाळत घालू नकोस. उन्हानं बुरशी मरेल न मरेल, पण स्वस्त छपाईचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन उजेडात झपाट्यानं पिवळं पडतं आणि कागद कुरकुरीत होतो. बुरशी कोरडी झाली की तिची पावडर होते. मग गच्चीवर किंवा गॅलरीत, तोंडाला एन-95 मास्क लावून, मऊ रुंद ब्रशनं शिवणीकडून बाहेर असं एकाच दिशेनं झाडायचं. ओलं फडकं, डेटॉल, स्पिरिट यातलं काही नको. काही शाया स्पिरिटनं पसरतात.

कसरीसाठी डांबरगोळ्या टाकू नकोस. त्यांचा वास कागदात मुरतो, बुरशीला त्या काही करत नाहीत आणि बंद खोलीत ती वाफ माणसालाच बाधते. घरातला डीप फ्रीझर हा उत्तम उपाय. कोरडे अंक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढायची, तोंड टेपनं घट्ट बंद करायचं आणि उणे 18 अंशाला किमान आठवडाभर ठेवायचं. फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा त्या मानानं कमी थंड असतो आणि दार सारखं उघडतं, म्हणून तिथं दोन आठवडे. लोक चुकतात ते बाहेर काढताना. पिशवी लगेच उघडली की खोलीतली वाफ थंडगार कागदावर पाणी होऊन बसते. पिशवी बंदच ठेवून 24 तास खोलीत राहू दे, मग उघड.

पिना. अंक मधल्या जोडपानावर उघड, पिनेचे दोन्ही पाय तिथं दिसतील. पायाखाली जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकव, म्हणजे कागदाला टोक लागत नाही. बोथट पातळ पातं घालून पाय सरळ उभे कर आणि बाहेरच्या बाजूनं पिन हळू उचल. गंजानं कागदाला धरलं असेल तर ओढू नको, आधी गंज कोरड्या ब्रशनं मोकळा कर. पिन ओढली की भोकाभोवतीचा गोल तुकडा तिच्याबरोबर निघतो आणि मधलं पान कायमचं सुटं होतं. परत पिन मारायची तर स्टेनलेस स्टीलची. त्यापेक्षा पांढरा सुती दोरा बरा. जुन्याच भोकांतून आतून बाहेर, बाहेरून आत घ्यायचा आणि गाठ आत मारायची. दोरा ओढताना शिवणीला समांतर ओढायचा, आडवा ओढला की कुजका कागद सुरी फिरवल्यासारखा फाटतो.

फाटलेल्या पानांना सेलोटेप लावायची नाही, हे आता पेटी बघून कळलंच असेल. जुन्या टेपचा वरचा प्लॅस्टिकचा पट्टा बहुतेक वाळून सुटलेला असतो. राहिला असेल तर हेअर ड्रायरची अगदी मंद झळ देऊन, टेप स्वतःवरच दुमडत, कागदाला लागून सोलायची. खालचा चिकट राप खोडरबरानं गोळा होतो तेवढा करायचा. तपकिरी डाग राहतो तो राहू दे. थिनर किंवा पेट्रोलनं पुसायला गेलं की डाग मागच्या पानावर जातो.

चिकटवायला 9 ते 12 जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम, म्हणजे अगदी पातळ) जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. मैदा नव्हे, मैद्यात ग्लुटेन असतं, ते पुढं पिवळं आणि कडक होतं. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत 20-25 मिनिटं, पांढरी पेज पारदर्शक दिसेपर्यंत. गार झाली की बारीक चाळणीतून दाबून काढायची आणि लागेल तशी पातळ करायची. टिश्यूची साधारण 5 मिलिमीटरची पट्टी कात्रीनं कापायची नाही. ओल्या ब्रशनं रेघ ओढून हातानं फाडायची, मग कडेचे धागे कागदात मिसळतात. खळ पट्टीला अगदी थोडी. चिकटवून वर-खाली बेकिंगचा नॉनस्टिक कागद, त्यावर टीपकागद आणि वजन. खळ जास्त झाली की पान सुकताना तिथंच आक्रसतं. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या बाइंडरांना आवर्जून सांगावी लागते. किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, ती इथं नको. त्यातलं तांबं कागद लवकर कुजवतं.

चिकटलेल्या अंकांत दोन जाती आहेत. आतली खरखरीत पानं चिकटली असतील तर झाकणाच्या डब्यात तळाशी ओलसर फडकं, वर जाळी, जाळीवर अंक, असं तीन-चार तास ठेवून पातळ पातं सरकवलं की बहुतेक सुटतात. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर बुरशी परत जागी होते. चकचकीत कव्हर कव्हराला चिकटलं असेल तर मात्र ते सुटत नाही. तो थर पाण्यानं मऊ होतो आणि सुकला की गोंदासारखा धरतो. ओढलं की एकाची शाई दुसऱ्यावर जाते. तो जोड तसाच ठेवून आतली पानं वाचायची.

वासासाठी मोठ्या झाकणाच्या डब्यात अंक सुटे उभे करून शेजारी वाटीत खाण्याचा सोडा किंवा कोळसा, कागदाला न लागता, दोन आठवडे.

डेंकालीकर:

इंद्रजालबद्दल मी लिहितो.

ती चित्रं मुळात पुस्तकासाठी काढलेली नव्हती, हे आधी लक्षात घ्या, म्हणजे बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. ली फॉक यांचा मँड्रेक 1934 ला आणि फँटम, म्हणजेच आपला वेताळ, 1936 ला अमेरिकेत वर्तमानपत्रातली रोजची पट्टी म्हणून सुरू झाला. दिवसाला तीन-चार चौकटी. आदला दिवस चुकलेल्या वाचकासाठी पहिल्या चौकटीत आधीचं थोडक्यात सांगायचं आणि शेवटच्या चौकटीत उत्सुकता लावायची. टाइम्स समूहाच्या बेनेट कोलमननं मार्च 1964 पासून याच पट्ट्या इंद्रजाल म्हणून काढल्या. पट्टीच्या आडव्या चौकटी पुस्तकाच्या उभ्या पानात बसवायच्या, तर काही कापल्या, काही ताणल्या, काही वगळल्या. म्हणून दर चार चौकटींनी तेच वाक्य परत येतं, कुठं हात मनगटाशीच तुटलेला दिसतो आणि कुठं वेताळ दोन चौकटींत डोंगर ओलांडून जातो. लहानपणी हे खटकत नव्हतं. आता वाचताना त्या जागा धरून मूळ पट्टी कुठं संपत असेल ते ओळखत जा, वाचायची गंमत दुप्पट होते.

नावंही बदलली होती. मूळ गोष्टीतला वेताळाचा देश बेंगाली इथं डेंकाली झाला, सिंग चाच्यांचे सिंगा झाले, रामाचा रामालू झाला. कारण उघड आहे. भारतातल्या वाचकाला चाच्यांची टोळी सिंग आणि खुनी रामा म्हणून कसा चालणार?

क्रम अंकाच्या नंबरानं लावू नका. इंद्रजालनं मागच्या-पुढच्या गोष्टी मिसळून छापल्या आहेत. चित्रकारानुसार ढीग करा. रे मूर यांची चित्रं सावल्यांची, जरा धुरकट, गूढ. विल्सन मॅकॉय यांची रेषा जाड आणि सपाट, माणसं लाकडी बाहुल्यांसारखी ताठ, पण गोष्ट झटकन सांगणारी. 1961 ला मॅकॉय गेले आणि पुढं साय बॅरी आले. जंगल दाट झालं, चेहऱ्यांवर भाव आले, कपड्यांना चुण्या पडल्या. कवटीच्या गुहेतल्या सिंहासनाचं एकच दृश्य मॅकॉय आणि बॅरी या दोघांच्या अंकांतून काढून शेजारी ठेवा. मॅकॉयकडं मागची भिंत जवळपास कोरी असते, बॅरीकडं दगडाच्या भेगा मोजता येतात. कव्हरं मात्र इथं नव्यानं रंगवलेली. गोविंद ब्राह्मणिया यांची कितीतरी कव्हरं आतल्या चित्रांपेक्षा सरस आहेत. ती कव्हरं कसरीनं खाल्लीत हे वाचून खरंच वाईट वाटलं.

बहादूर वेगळा काढा आणि सलग वाचा. 1976 ला आबिद सुरतींनी लिहिला आणि ब्राह्मणियांनीच काढला. भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला, दरोडेखोराचा मुलगा, गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो. परदेशी पट्टीची कापाकापी नसल्यामुळं त्याची पानं पुस्तकासाठीच आखलेली आहेत, त्यामुळं फरक लगेच कळतो.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. वेताळाच्या गोष्टींत आफ्रिकेतली माणसं भोळी, घाबरट आणि गोऱ्या रक्षकावर अवलंबून अशी दाखवली आहेत. पुढच्या काळात लमांडा लुआगांसारखा सुशिक्षित राष्ट्राध्यक्ष येतो, चित्र थोडं बदलतं, पण पाया तोच राहतो. घरातल्या मुलांना वाचायला देणार असाल तर सोबत बसून बोला. लपवून ठेवायची गरज नाही.

राजनगरचा_कॅडेट:

राज कॉमिक्सचा नागराज 1986 च्या आसपास सुरू झाला. लेखन परशुराम शर्मा, चित्रं प्रताप मुळीक यांची. मुळीक पुण्याचे, अमर चित्र कथेतही त्यांचं भरपूर काम आहे. म्हणजे आपण हिंदी म्हणून वाचत होतो त्या नागराजचा पहिला चेहरा मराठी हातानं काढलेला आहे, भावा. सुरुवातीचे अंक त्या नजरेनं बघ. अंगाचे स्नायू, कपड्यांच्या घड्या, गर्दीतली माणसं, सगळं निरीक्षणातून आलेलं. गोष्टी तशा साध्या: प्रोफेसर नागमणीनं शस्त्र म्हणून बनवलेला नागराज, बाबा गोरखनाथांनी त्याची गुलामीतून केलेली सुटका, आणि मग देशोदेशीच्या अतिरेक्यांशी लढाई. पुढं मालिका अनुपम सिन्हांकडं गेली आणि नागराज महानगर नावाच्या शहरात स्थिरावला, तिथून कथेत गुंतागुंत आणि नातीगोती आली. ही दोन वेगळी युगं समजून वाच. सरमिसळ केली की पहिलं युग उगाच बाळबोध वाटतं.

ध्रुव मात्र पहिल्यापासून सिन्हांचाच, लेखन आणि चित्रं दोन्ही. सुरुवात ‘प्रतिशोध की ज्वाला’पासूनच करायची. ज्युपिटर सर्कस जळते, आईवडील जातात आणि सर्कशीत शिकलेली कसरत हीच त्याची ताकद होते. त्याला कुठलीही दैवी शक्ती नाही, म्हणून लेखकाला प्रत्येक वेळी सुटकेचा मार्ग शोधावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा शाळेच्या विज्ञानातून येतो. परत वाचताना शेवटच्या पाच पानांआधी थांब आणि आधीच्या चौकटींत त्या सुटकेचं सामान कुठं ठेवलंय ते शोध. बहुतेक वेळा सापडतं, मागच्या टेबलावर नाहीतर भिंतीला. काही अंकांत विज्ञान सपशेल चुकीचं आहे, पण कोड्याची रचना प्रामाणिक आहे. माझ्या मते तिन्ही मालिकांत आज सगळ्यात जास्त टिकते ती हीच.

दोन भागांच्या गोष्टी आधी जुळवून ठेव. ‘आदमखोरों का स्वर्ग’ नंतर ‘स्वर्ग की तबाही’, हा दुसरा भाग हाताशी नसेल तर पहिला सुरूच करू नकोस. डोगाचे पहिले तीन, ‘कर्फ्यू’, ‘ये है डोगा’, ‘मैं हूँ डोगा’, सलग एका बैठकीत. कचराकुंडीत सापडलेला मुलगा, दरोडेखोराच्या हाताखाली वाढलेला आणि मुंबईत मुखवटा घालून गोळ्या झाडणारा. त्या वयात फक्त मारामारी दिसली होती, आता त्यातला राग कुठून येतो ते कळतं. बारा-तेरा वर्षांच्या आतल्या मुलांना डोगा देऊ नये, हे माझं ठाम मत.

पेटीतले गहाळ भाग नवीन छपाईत मिळू शकतात. गुप्ता बंधूंची कंपनी वेगळी झाल्यापासून संजय गुप्ता आणि मनोज गुप्ता अशा दोन नावांनी पुनर्मुद्रणं निघतात, मागवताना कुणाकडं कुठला अंक आहे ते तपासून घे. जुना अंक म्हणून कुणी विकत असेल तर आतल्या पानावर अतिनील टॉर्च मार. जुना खरखरीत कागद मंद, मळकट दिसतो. आजच्या पांढऱ्या कागदात चमक आणणारं रसायन असतं, तो निळसर झगमगतो. छापील कव्हरवर भिंग धरलं तर मूळ छपाईचे ठिपके स्वच्छ वेगळे दिसतात. स्कॅन करून परत छापलेल्यात ठिपक्यांवर ठिपके पडून जाळी धूसर होते.

शिवाजी_पेठ_वाचक:

लई भारी माहिती, सगळ्यांचे आभार. आणखी दोन गोष्टी. पान गहाळ आहे की नाही हे पटकन कसं बघायचं, कारण बऱ्याच अंकांत पानं सुटी झालीत? आणि वाचताना मूळ अंक हाताळायचेच नाहीत म्हणून स्कॅन करावं म्हणतोय.

तीनशे_डीपीआय:

पानांसाठी सोपी युक्ती. मधे पिन मारलेल्या अंकात एक अख्खा कागद दुमडून चार पानं होतात. मधलं जोडपान उघडायचं आणि त्यावरच्या दोन आकड्यांची बेरीज करायची. 16 आणि 17 असतील तर 33. आता प्रत्येक पानाच्या जोडीदाराची बेरीज 33 च आली पाहिजे. म्हणजे 5-6 चं पान गेलं असेल तर 27-28 चं पान सुटं लोंबत असणार. सुटं पान दिसलं की बेरजेनं हरवलेलं कुठलं ते लगेच सांगता येतं, आणि सुटी पानं परत कुठं घालायची तेही. काही अंकांत कव्हर मोजणीत धरलेलं असतं, म्हणून बेरीज पाठ करू नका, दर अंकाला मधूनच काढा. राज कॉमिक्सचं ‘ग्रीन पेज’ आणि इंद्रजालची सामान्यज्ञानाची पानं गोष्टीत नसली तरी अंकाचाच भाग आहेत, ती जागच्या जागी आहेत का बघा.

स्कॅनला फ्लॅटबेड घ्या. कागद ओढून घेणारा फीडर नको, मोडक्या कडा त्यात अडकतात. पिना तशाही काढणारच आहात, तर शिवायच्या आधी सुटे कागद स्कॅन करून घ्या, शिवणीतली सावली येत नाही आणि अंक दाबावा लागत नाही. वाचायला 300 डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके) पुरतं, जपून ठेवायची प्रत 600 ला. पानामागे काळा जाड कागद ठेवा. पातळ कागदातून मागच्या पानाचं चित्र आरपार दिसतं ते त्यानं निम्म्याहून जास्त दबतं. पांढरं झाकण तसंच ठेवलं तर नंतर कितीही उजळ करा, भुतासारखी उलटी अक्षरं राहतातच. छपाईच्या ठिपक्यांमुळं लहरी उमटत असतील तर स्कॅनरमधलं डीस्क्रीन, म्हणजे त्या लहरी घालवणारी सोय, चालू करा, किंवा 600 ला घेऊन मग निम्म्यावर आणा. पिवळेपणा पूर्ण घालवू नका. ऑटो कलर लावला की वेताळाचा जांभळा निळा होतो आणि नागराजच्या हिरव्यातली छटा जाते. कागदाचा रंग फक्त थोडा उजळवायचा.

फायलींना 001, 002 असे आकडे द्या, फोल्डरची झिप करून तिच्या नावाच्या शेवटचं .zip बदलून .cbz (सीबीझेड) करा, कुठल्याही कॉमिक वाचायच्या ॲपमध्ये उघडेल. या स्कॅन स्वतःपुरत्याच ठेवा, ग्रुपवर टाकू नका. हक्क अजून जिवंत आहेत आणि पुनर्मुद्रणं विकत घेतली तरच ती निघत राहतील.

तरीही मूळ अंक हातात घेऊन वाचाच, त्यात काही वावगं नाही. हात धुऊन कोरडे करायचे, हातमोजे नकोत, त्यात कागदाचा अंदाज येत नाही. पान वरच्या कोपऱ्यातून उचलायचं, बोटाला थुंकी लावून नव्हे. अंक पूर्ण सपाट न उघडता दोन्ही बाजूंना उशीचा किंवा दुमडलेल्या टॉवेलचा आधार द्यायचा.

खळ_आणि_दोरा:

ठेवण्याबद्दल राहिलंच होतं.

पिशव्या पॉलिप्रोपिलीनच्या घे. पीव्हीसीच्या जाड, मऊ, वास येणाऱ्या पिशव्यांतून तेलकटपणा सुटतो आणि कव्हरची शाई तिला चिकटते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत पॅकिंगच्या दुकानात विचारताना नमुना मागून घे आणि छोटा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोड. पॉलिप्रोपिलीन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. पिशवी अंकापेक्षा रुंदीला 5 मिलिमीटर जास्त. आत पाठीला आम्लरहित पुठ्ठा. साधा तपकिरी पुठ्ठा घातला तर त्याचंच आम्ल कागदात उतरतं. पिशवीचं तोंड टेपनं बंद करू नको, नुसतं दुमड. अंक आडवे ठेवले तर एकावर एक वीतभर उंचीपर्यंतच, त्याच्या वर गेलं की खालच्यांचे कणे चेपतात.

पत्र्याची पेटी चालते, पण ती बाहेरच्या भिंतीला टेकवून नको. रात्री पत्रा गार पडतो आणि आतून घाम येतो. खाली दोन लाकडी पट्ट्या, भिंतीपासून चार बोटं लांब. आत साधा आर्द्रतामापक ठेव, काटा 45 ते 55 च्या मधे असावा. 65 च्या वर सलग राहिला की बुरशी धरते, आणि कोल्हापुरात जुलै-ऑगस्टला खोलीतली हवाच त्याच्या कितीतरी वर असते. त्यामुळं पावसाळ्यात पेटी हवा खायला उघडी टाकणं उलटं पडतं. सिलिका जेलच्या पुड्या घाल, रंग बदलणारी नारिंगी जात. रंग उतरला की पुडीतले दाणे काढून 110-120 अंशाला ओव्हनमध्ये दोन तास, परत कामाला येतात. सोडून-शिवून घ्यायची सगळी मोठी कामं दिवाळीनंतर काढ, हवा कोरडी असते आणि खळ नीट वाळते. आत्ता फक्त बुरशी वेगळी करणं आणि फ्रीझर.

घर शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी अशा पुराच्या पट्ट्यात असेल तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की पेटी वरच्या मजल्यावर, 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. 2019 आणि 2021 ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. आणि अंक भिजलेच तर उघडून पानं वेगळी करत बसू नका. मिटलेल्या अवस्थेतच स्वच्छ पाण्यात बुडवून गाळ काढायचा, पिळायचं नाही, प्रत्येक अंक वेगळ्या पिशवीत घालून 48 तासांच्या आत फ्रीझरमध्ये टाकायचा. वीज गेलेली असते म्हणून पूर नसलेल्या भागातला कुणाचा तरी फ्रीझर आधीच बोलून ठेवावा. गोठलेल्या अंकाला महिना झाला तरी काही होत नाही. मग एकेक काढून दर आठ-दहा पानांमध्ये टीपकागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, आणि चकचकीत कव्हराच्या आतल्या बाजूला नॉनस्टिक कागद पहिल्या मिनिटाला सरकवायचा, कारण ते एकदा चिकटत सुकलं की पुन्हा सुटत नाही.